नानांचा आतुर संन्यास

आईने दोन पिशव्या आणल्या होत्या. एकीत नानांचं धुतलेलं धोतर आणि सदरा, दुसरीत नदीपलीकडच्या मठातून आलेली भगवी वस्त्रं. दोन्ही तिने कॉटच्या पायथ्याशी शेजारी शेजारी ठेवल्या आणि भिंतीला टेकून उभी राहिली. नानांना, म्हणजे माझ्या वडिलांना, त्या दिवशी दवाखान्यातून सोडणार होते. बाहेर रिक्षा उभी होती. ती घराकडे वळवायची की नावेच्या धक्क्याकडे, हे अजून ठरलं नव्हतं.

नाना मात्र दवाखान्याच्या पट्ट्यापट्ट्यांच्या लेंग्यात मांडी घालून बसले होते आणि मोसंबं सोलत होते.

"निरू, ही फोड खाऊन बघ. साखर आहे नुसती."

मला त्यांचा असा राग आला! इकडे आम्हा बायकांचा जीव टांगणीला लागलेला, आणि हे फोडीवरचे धागे काढत बसलेले.

"नाना, घरी यायचंय ना तुम्हाला?" मी विचारलं.

"तुम्ही न्याल तिकडे येईन," ते म्हणाले आणि ती फोड स्वतःच्या तोंडात टाकली.

नाना आधी कसे होते ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. वामन घैसास, नगरपालिकेत हेडक्लार्क. माणूस सज्जन, पण जन्मभर जीव मुठीत धरून जगला. त्यांचे वडील सत्तावन्नाव्या वर्षी गेले आणि थोरला भाऊही सत्तावन्नाव्याच वर्षी. तेव्हापासून नानांनी आपलंही वर्ष मुक्रर करून टाकलं. आमचं घर कृष्णेच्या घाटापासून शंभर पावलांवर, पण नाना कधी गुडघाभर पाण्यापुढे गेले नाहीत आणि मलाही जाऊ दिलं नाही. आंबा बाधतो म्हणून मोजून दोन फोडी. गल्लीत कोणी गेलं की हे आत जाऊन कडी लावून घेणार. सख्ख्या भावाला खांदा द्यायची वेळ आली तेव्हा यांनाच ताप भरला. सायकल, सहल, पोहणं, माझ्या कुठल्याही हट्टाला त्यांचं एकच उत्तर असायचं, "आणि काही झालं तर?" लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्याच घरी असं बोलतात.

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते खोटं नाही. सत्तावन्न लागलं आणि तिसऱ्याच महिन्यात नानांना न्यूमोनिया झाला, दोन्ही फुप्फुसांना. ही गोष्ट चौऱ्याऐंशी सालची. मी चोवीस वर्षांची होते, मुलींच्या शाळेत गणित शिकवत होते, आणि त्यांची एकुलती एक होते. पाचव्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "जवळच्या माणसांना बोलावून घ्या."

नानांना कोणी काही सांगितलं नव्हतं, पण भिणाऱ्या माणसाला आधी कळतं. त्यांनी माझं मनगट असं धरलं की नखं रुतली.

"निरू, मला वाचव गं. मला नाही जायचं."

मी काय वाचवणार होते! मी नुसतीच "नाना, नाना" करत राहिले. मग थोड्या वेळाने ते म्हणाले, "टेंगशेगुरुजींना बोलाव. आतुर संन्यास घेतो."

आमच्यात ही एक जुनी रीत आहे. माणूस अगदी शेवटच्या घटकेला आला, की होम-हवन काही न करता, नुसता मंत्र उच्चारून संन्यास घेऊ शकतो. संन्यासी हा जगाच्या हिशेबी मेलेलाच असतो. म्हणजे मरण यायच्या आधीच मरून घ्यायचं आणि जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटायचं. नानांना विरक्ती वगैरे काही झालेली नव्हती. त्यांनी हेही भीतीपोटीच मागितलं, बुडणारा माणूस हाताला लागेल ते धरतो तसं.

बायकोची संमती लागते. गुरुजींनी आईला विचारलं. आई म्हणाली, "त्यांना शांत मरण येणार असेल तर माझी संमती आहे." एवढं बोलून तोंडाला पदर लावून ती व्हरांड्यात निघून गेली. तिला ते बघवणार नव्हतं. आत राहिलो आम्ही तिघं. गुरुजींनी नानांचं जानवं तोडलं, केसांची एक बट कापली आणि कानाशी वाकून मंत्र सांगितला. तो तीनदा म्हणायचा असतो. आधी हळू, मग जरा मोठ्याने, मग उंच आवाजात. नानांचा हात माझ्या हातात होता. पुढे त्या पाच मिनिटांत जे झालं ते मी एकटीनेच पाहिलं.

आणि नाना मेले नाहीत.

दुसऱ्या दिवशी ताप उतरला. चौथ्या दिवशी त्यांनी डोळे उघडून चहा मागितला. डॉक्टर खूश, आत्या बारामतीहून धावत आली ती पेढे घेऊन, मी तर रडतच सुटले. आईने मात्र पेढा हातातच धरून ठेवला होता. तिने हळूच विचारलं, "आता गुरुजींना विचारायला हवं ना?"

मरायला निघालेल्या माणसाच्या परतीचं कोण विचारून ठेवतो! पण गुरुजींनी सांगितलं ते स्पष्ट होतं. आतुर संन्यास घेतलेला माणूस वाचला तर तो संन्यासीच राहतो. त्याला घर नाही, बायको नाही, मुलगी नाही. त्याने मठात जायचं. परत घरी आला तर तो पतित, सगळ्यात खालचा.

मग तीन दिवस आमच्यात जी जुंपली ती विचारू नका.

"अगं इंदू," आत्या कपाळावर हात मारून म्हणायची, "यमाने परत पाठवलेला नवरा तू नदीपलीकडे टाकणार? देवाने दिलं नि कर्माने नेलं, अशातली गत करतेस तू!"

"वन्सं, संमती मी दिली आहे," आई म्हणायची. "मला का ते जड नाहीत? पण माझ्या सुखासाठी त्यांना पतित करू? उद्या ते खरंच गेले तर कुठल्या तोंडाने देवापुढे उभी राहू?"

"आणि मी?" मी ओरडायचे. "तापात बडबडलेल्या दोन शब्दांसाठी मी बाप सोडून देऊ?"

आई मोठ्याने कधीच बोलायची नाही. तिचा आवाज जितका खाली, तितकी ती पक्की. त्या तीन दिवसांत तो फारच खाली गेला होता. रात्री ती झोपत नव्हती, हे मला ठाऊक होतं. उशीला तिचं तोंड दाबलेलं असायचं.

आणि ह्या सगळ्यात नानांना काही म्हणजे काही वाटत नव्हतं. मला तेच आधी कळेना. नाडीवर बोट ठेवणं बंद. डॉक्टरांना प्रश्न विचारणं बंद. वॉर्ड झाडणाऱ्या हौसाबाईंच्या सुनेला कितवा महिना आहे हे त्यांना ठाऊक झालं होतं. खिडकीतून कडुलिंब दिसायचा, तो ते तास तास बघत राहायचे. शेजारच्या कॉटवर एक म्हातारे शेतकरी होते, संन्यासानंतर सातव्या दिवशी दुपारी ते शेवटच्या घटका मोजू लागले. मुलगा गावाहून निघाला होता, पोचला नव्हता. मी घाईघाईने पडदा ओढायला गेले, नानांनी हे बघू नये म्हणून. तर नाना सलाइनची नळी सांभाळत उतरले, त्या म्हाताऱ्यांच्या कॉटवर बसले आणि त्यांचा हात हातात घेतला.

"येतोय हो तुमचा मुलगा," ते म्हणत होते. "तोवर मी आहे. निवांत जा, नाहीतर निवांत थांबा. घाई कसलीच नाही."

म्हातारे दीड तासाने गेले. नाना त्यांचा हात धरूनच होते. सख्ख्या भावाच्या प्रेताला खांदा द्यायच्या वेळी ज्याला ताप भरला होता, तो हा माणूस! त्यांच्या चेहऱ्याकडे बघताना मला आनंदही झाला आणि भीतीही वाटली. हे कोण होतं?

तर संन्यासानंतरच्या त्या नवव्या दिवशी सकाळी, दोन पिशव्या कॉटशी ठेवलेल्या असताना, टेंगशेगुरुजी आले. वयाने नानांपेक्षा वीस वर्षांनी मोठे, तरी त्यांनी लांबूनच वाकून नानांना नमस्कार केला. संन्याशाला करतात तसा. आत्याने "अगंबाई" म्हणून तोंडावर हात ठेवला. आईने खाली बघितलं आणि भगव्या पिशवीचे बंद सोडायला वाकली.

"थांबा वहिनी," गुरुजी म्हणाले. "मी तीन दिवस ह्याच विचारात आहे. एक गोष्ट विचारल्याशिवाय कुणाचा संसार मोडायची माझी छाती नाही."

ते स्टुलावर बसले. "मंत्र मी सांगितला, हे खरं. पण संन्यास माझ्या म्हणण्याने होत नाही. त्यांच्या तोंडून शब्द पुरे झाले असतील तर झाला. नसतील झाले, मी एकटाच बडबडलो असेन, तर काहीच झालेलं नाही. नवं जानवं घालायचं आणि घरी जायचं. आता माझं असं आहे, की माझे कान पंधरा वर्षांपासून मंद, आणि मी स्वतःच उंच आवाजात म्हणत होतो. डोळ्यांत मोतीबिंदू. वामनराव, तुम्हीच सांगा. तुम्ही म्हणालात का?"

आईचा हात पिशवीच्या बंदावर तसाच राहिला.

नानांनी मोसंब्याची सालं कागदात गुंडाळली. मग म्हणाले, "त्या दिवशी मी कशा अवस्थेत होतो! माझ्या सांगण्यावर काय विसंबता? निरू हाताशी होती. ती सांगेल ते खरं धरा."

चौघांचे डोळे माझ्याकडे वळले.

"निरू," गुरुजी म्हणाले, "ओठ हलले? आवाज आला? तीनदा?"

हलले होते. पहिल्या वेळी नुसते ओठ. दुसऱ्या वेळी घोगरा आवाज आला. आणि तिसऱ्या वेळी, ज्या माणसाला धड श्वास घेता येत नव्हता, त्या माणसाने उशीवरून मान उचलून असा मोठ्याने मंत्र म्हटला की मी दचकले. अर्थ मला कळला नाही, दोनच तर वाक्यं होती संस्कृतमधली. पण शेवटचा शब्द म्हटला आणि माझ्या मनगटात रुतलेली त्यांची बोटं सुटली. आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या बापाची पकड सैल झालेली मी पाहिली. मला वाटलं, गेलेच. पण ते शांतपणे श्वास घेत होते.

आता मी काय बोलू? खरं सांगितलं तर नाना नदीपलीकडे जाणार. दोन मैलांवर जिवंत असणार आणि मी त्यांना नाना म्हणू शकणार नाही. आणि खोटं सांगितलं तर? ते शब्दच झाले नाहीत असं ठरलं, तर त्या शब्दांनी जे गेलं ते परत येणार नाही कशावरून? पुन्हा ते नाडीवरचं बोट, पुन्हा ती आतून लावलेली कडी, पुन्हा "काही झालं तर". शेजारच्या म्हाताऱ्याचा हात धरून बसलेला माणूस मला हवा होता, पण घरी हवा होता. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी माझी दशा. हात आपोआप थरथरत होते.

"बोल गं," आत्या कळवळून म्हणाली.

"नाही," मी म्हणाले. "नाही हलले ओठ. गुरुजी, तुम्ही एकटेच म्हणत होता."

आत्या मटकन खाली बसली आणि रडायला लागली. गुरुजींनी डोळे मिटले. मला वाटलं, सुटलो. पण आई सरळ उभी राहिली.

"निरू, त्यांच्या पायांवर हात ठेवून सांग."

"आई, सांगितलं ना!"

"पायांवर हात ठेवून सांग," आई म्हणाली. तिचा आवाज इतका खाली होता की मला तो जेमतेम ऐकू आला. "मला ते घरी हवेत गं. नऊ दिवस मी दुसरं काही मागितलं नाही. पण खोट्यावर नकोत."

नानांनी आपण होऊन पाय कॉटखाली सोडले. गोरे, सुजलेले पाय. मी खाली बसले. खोटं बोलून बापाच्या पायांना हात लावायचा, तोही कदाचित संन्याशाच्या. आमच्या घरात वाढलेल्या मुलीला ह्याचा अर्थ सांगावा लागत नाही. मी दोन्ही हात ठेवले.

"नाना काही बोलले नाहीत," मी म्हणाले.

वर बघायची हिंमत झाली नाही. मग नानांचा आवाज आला.

"झालं ना ठरून? आता जी कुठली पिशवी असेल ती द्या बाबा. थंडी वाजतेय."

आम्ही त्यांना घरी आणलं.

पहिले कित्येक महिने मी त्यांच्यावर पाळत ठेवून होते. खिडकीतून बघायचे, नाडी बघतात का. रात्रीचे दचकून उठतात का. शिक्षा होणार तर ह्याच रूपाने होणार, असं मी धरून चालले होते. पण भीती परत आली नाही. उलट पुढच्या उन्हाळ्यात हा अठ्ठावन्न वर्षांचा माणूस पाठीला भोपळा बांधून कृष्णेत पोहायला शिकला, आठ-दहा वर्षांच्या पोरांबरोबर, आणि नाकातोंडात पाणी गेलं की त्यांच्याहून मोठ्याने हसायचा. आंबे खाल्ले ते कोपरापर्यंत ओघळ येईस्तोवर. गल्लीत कोणाकडे काही झालं की आधी नानांना हाक. तिरडी बांधण्यापासून ते मागे राहिलेल्या बाईला दोन घास भरवण्यापर्यंत ते सगळीकडे. माझ्या लग्नात त्यांनी गाणंही म्हटलं, अत्यंत बेसूर. निवृत्त झाल्यावर आईला घेऊन नर्मदेकाठी महिनाभर राहून आले. आई मला एकदा म्हणाली, "निरू, माझं लग्न खरं त्यांच्या सत्तावन्नाव्या वर्षी लागलं बघ." आणि लाजून उठून गेली.

काही लहानसहान गोष्टी वेगळ्या होत्या. गुरुजींनी दिलेलं नवं जानवं "घालू सावकाश" म्हणत म्हणत कधी घातलंच नाही. अंथरूण बाहेरच्या खोलीत आणलं, खोकल्याने आईची झोपमोड नको म्हणून. वाढलेलं जेवायचे, मागून कधी घ्यायचे नाहीत. आणि स्वतः गॅस पेटवताना मी त्यांना पुन्हा पाहिलं नाही. देवापुढची उदबत्तीसुद्धा आईच लावायची. मला हे दिसत होतं. पण म्हाताऱ्या माणसांच्या नाना तऱ्हा, म्हणून मी सोडून देत होते.

अकरा वर्षांनी ते पुन्हा अंथरुणाला खिळले. ह्या वेळी दवाखान्यात जायचं नाही, म्हणाले. मी सुट्टी काढून आले होते. आई दुपारची पडली होती. मी त्यांचे पाय चेपत होते.

"त्या दिवशीही असेच थरथरत होते तुझे हात," नाना म्हणाले.

"कुठल्या दिवशी?"

"खोटं बोललीस त्या दिवशी."

माझे हात जागच्या जागी थांबले. अकरा वर्षं जे मी कोणापुढे, नवऱ्यापुढेही उच्चारलं नव्हतं, ते ते पाणी मागावं इतक्या सहज बोलले होते.

"तुम्हाला आठवत होतं?"

"तिसऱ्यांदा केवढ्याने म्हणालो गं मी! माझेच कान वाजले. न आठवायला काय झालं?"

"मग गुरुजींना तसं का नाही सांगितलंत? माझ्यावर का ढकललंत?" माझा आवाज चढला. एवढी वर्षं पोटात ठेवलेलं सगळं एकदम वर आलं. "अकरा वर्षं मी ह्या पापाखाली झोपले आहे, नाना!"

"हळू. आई उठेल."

"आणि आता? आता तुमचं काय करायचं आम्ही? संन्याशाला अग्नी देत नाहीत, पुरतात."

नाना हसले. हसताना खोकला आला, तो जिरेपर्यंत मी पाणी धरून उभी होते.

"मेलेल्या माणसाला काय विचारतेस? तुझ्या आईला जे पाहून बरं वाटेल ते करा. माझं मरण केव्हाच उरकलंय. त्यामुळे तर इतकी वर्षं मोकळा होतो."

"पण मग तुम्ही मठातच का नाही गेलात? जानवं नाही, विस्तवाला हात नाही, बाकीचे नेम तर पाळलेत ना?"

ते आढ्याकडे बघत होते. श्वास पुरवून पुरवून बोलत होते.

"मंत्रात दोन वाक्यं होती बघ. पहिलं, मी सगळं सोडलं. तेवढं सगळ्यांना ठाऊक असतं. दुसऱ्याचा अर्थ कोणी विचारत नाही."

"काय आहे दुसरं?"

"माझ्यापासून कोणत्याही जिवाला भय नाही. सगळ्यांना अभय." त्यांनी माझ्याकडे मान वळवली. "जन्मभर मी तुला भीतीच दिली निरू. मंत्र म्हणून मी सगळ्या जगाला अभय देऊन बसलो, आणि सोडायच्या दिवशी समोर बघतो तर माझीच पोर पांढरीफटक पडून थरथरतेय. मी जाईन म्हणून. संन्याशाला खोटं बोलता येत नाही, म्हणून तुझ्यावर सोडलं. आता सांग, मी काय करायला हवं होतं?"

मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि रडले, आई जागी होईल ह्याची पर्वा न करता रडले. आणि त्यांनी मला रडू दिलं.